माळवदातलं सुतारमेट

अक्कलकोट तालुक्यातलं आमचं घर माळवदाचं. जाड भिंती, वर पांढरी माती, आणि पुढच्या पडवीत आजोबांचं मेट. कानडी गिऱ्हाइकं त्यांना बडिगेर, म्हणजे सुतार, म्हणत. बलुतं मात्र दोन्ही भाषांत ज्वारीचंच.

बैलगाडीच्या चाकाला बाभळीचं मुरलेलं लाकूड लागे. मध्ये तुंबा, त्यात बारा आरे, त्यांवर सहा पुठ्ठे. खरी परीक्षा धावेची. लोखंडी धाव चाकाहून किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करायची, लोहारासोबत सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे सांधे करकचून आवळत. उशीर झाला तर पुठ्ठा जळालाच! त्या वेळी आजी आम्हा पोरांना उंबरा ओलांडू देत नसे.

१८७१ मध्ये मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जुळला, तरी अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून कोसांवर. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्यांना बैलगाडी, टांगा हवाच. रेल्वेने सुतार बुडवला, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. आमचं मेट बंद पाडलं ते डनलॉपच्या हवेच्या चाकांनी आणि पुढे ट्रॅक्टरने. बैलांचा भार हलका झाला, हे चांगलंच झालं. चुलते आता दारं-खिडक्या करतात.