दहा ते वीस फुटांवरची हाक

पिट्सबर्ग शहरात दूरध्वनीची व्यवस्था उभारण्याच्या खटपटीत असलेल्या टी. बी. ए. डेव्हिड या तारकंपनीच्या अध्यक्षाला टॉमस अल्वा एडिसनने १५ ऑगस्ट १८७७ रोजी एक पत्र लिहिले, आणि त्यात या यंत्राला निराळी घंटी जोडण्याची गरज आपल्याला वाटत नाही, कारण ‘हॅलो’ ही हाक दहा ते वीस फुटांवरूनही ऐकू जाते, अशा आशयाचे मत दिले. ब्रुकलिन कॉलेजात अभिजात भाषांचे अध्यापन करणाऱ्या ॲलन कोनिग्सबर्ग यांनी १९८७ साली न्यूयॉर्कमधील एटी अँड टी कंपनीच्या दप्तरखान्यातून हे पत्र हुडकून काढले. ज्यांनी इंग्रजीचे क्रमिक पुस्तक कधी उघडले नाही, अशांच्याही तोंडी बसलेल्या या शब्दाचे मूळ शोधीत असता त्या पत्राची हकीकत माझ्या वाचनात आली, आणि तेव्हापासून ती एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: आज अभिवादन म्हणून ओळखला जाणारा हा शब्द दूरध्वनीच्या सेवेत प्रथम रुजू झाला तो घंटीच्या जागी.

यंत्राचा इतिहास सर्वांस विदित आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले. न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिली व्यापारी एक्स्चेंज सुरू झाली. आणि १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास या तिन्ही ठिकाणी तिचा अवतार झाला. यापेक्षा त्या शब्दाची वंशावळ अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात तोतये वारसदारही पुष्कळ शिरलेले आहेत.

पैकी मार्गारेट हॅलो नावाच्या बेलच्या प्रेयसीची कथा तर ऐकण्याच्याही लायकीची नाही. बेलचा विवाह मेबल हबर्डशी ११ जुलै १८७७ रोजी झाला होता, आणि स्वतः बेलला ‘हॅलो’ हा शब्द पसंत नव्हता. त्याचा आग्रह ‘अहॉय’ या खलाशांच्या हाकेचा होता. मराठी कानाला त्या हाकेत आपला ‘अहो’ ऐकू येतो खरा, पण ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे. दुसरा दावा हंगेरियन लोकांचा असून तो अधिक सन्मानाने तपासावा लागतो, कारण त्याच्यामागे तिवादार पुश्काश हा एडिसनचा खराखुरा सहकारी उभा आहे, ज्याने पुढे १८९३ साली बुडापेस्टमध्ये दूरध्वनीवरून बातम्या ऐकविण्याची अपूर्व सोय केली. हंगेरियन भाषेत ‘हॉलोम’ म्हणजे ‘मला ऐकू येते’. पुश्काशने तारेवरून हा उद्गार काढला आणि त्याचेच ‘हॅलो’ झाले, असे त्या देशात सांगतात. अर्थाच्या दृष्टीने ही उपपत्ती इतकी सुंदर आहे की ती खरी असावी असे वाटू लागते. पण कनेटिकटमधील नॉर्विच गावच्या एका वृत्तपत्रात ‘हॅलो’ हा शब्द त्याच रूपात १८२६ साली छापलेला आढळतो, आणि पुश्काशचा जन्म १८४४ चा. एवढ्या एका दाखल्यावर हा दावा खारीज होतो.

उरतात ती जुनी युरोपीय घराणी. फ्रेंच ‘होला’, म्हणजे ‘अरे, थांब तिथे’, हे एक. शिकारी कुत्र्यांना चेतविण्यासाठी घातलेला ‘हॅलू’ हा पुकारा, जो शेक्सपिअरने क्रियापद म्हणूनही योजिला आहे, हे दुसरे. आणि तिसरे प्राचीन जर्मन भाषेतील ‘हाला’, ज्याचा मूळ अर्थ ‘घेऊन ये’ असा असून पैलतीरावरील नावाड्याला बोलाविण्यासाठी त्याचा उपयोग विशेष होत असे, असे कोशकार सांगतात. माझा कौल या नावाड्याच्या बाजूने आहे. आपल्याकडेही नदीकाठी उभा असलेला वाटसरू नावाड्याला हाळी देतो आणि रानातले हाकारे आरडाओरडा करून जनावर उठवितात. म्हणून ‘हाळी’ आणि ‘हॅलो’ यांची सोयरीक जुळविण्याचा मोह मराठी माणसाला व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु मधल्या शतकांतला एकही दस्तऐवज या सोयरिकीची साक्ष देत नाही, तेव्हा ती मोडलेलीच बरी. सारखेपणा आहे तो गरजेतला. रुंद पात्राच्या पलीकडे जो मनुष्य आहे, त्याचा चेहरा दिसत नाही, त्याची जात-पायरी कळत नाही, तो जागेवर आहे की नाही हेदेखील ठाऊक नाही. अशा वेळी मुखातून निघणाऱ्या हाकेत अर्थापेक्षा स्वराला महत्त्व येते.

एडिसनची परिस्थिती नेमकी हीच होती. त्याच्या कल्पनेत दोन कचेऱ्यांमधली तार अष्टौप्रहर जोडलेलीच राहणार होती. प्रश्न एवढाच, की पलीकडल्या खोलीत मेजापाशी लेखन करीत बसलेल्या गृहस्थाला यंत्रापाशी कसे आणावे. त्या पत्राच्या चारच आठवडे आधी, १८ जुलै रोजी, ध्वनी उमटविण्याच्या आपल्या नव्या उपकरणात ‘हॅलू’ असे ओरडून त्याने त्याची परीक्षा घेतली होती. एडिसनला कमी ऐकू येत असे. अशा माणसाने यंत्रासाठी मोकळ्या रानातला, छाती भरून घालावयाचा पुकारा निवडला, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुढे वर्षभरातच घंटी आली. तेव्हा घंटीचे काम करणाऱ्या या शब्दाला रुखसत मिळावयास हवी होती. ती का मिळाली नाही, हाच खरा वादाचा मुद्दा. कोनिग्सबर्ग यांचे म्हणणे असे की, रीतसर ओळख करून दिल्यावाचून परक्याशी बोलू नये हा एकोणिसाव्या शतकातील शिष्टाचार दूरध्वनीने एका फटक्यात मोडला, आणि ती अडचण ‘हॅलो’ने निभावून नेली. मराठीपुरते हे मोठे मार्मिक आहे. आपल्याला हाक मारावयाची तर आधी नाते ठरवावे लागते: अरे, अगं की अहो? घंटी वाजली की पलीकडे मामंजी आहेत, धाकटा दीर आहे की मामलेदार कचेरीतला कारकून, हे उचलणाऱ्याला कळत नसे, आणि ‘हॅलो’ला ना लिंग, ना मान, ना वय.

तरीही हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. ‘हॅलो’ हे केवळ अभिवादन असते, तर ते संभाषणाच्या आरंभी एकदाच आले असते. प्रत्यक्षात आवाज तुटू लागला की बोलणे अर्ध्यावर सोडून आपण पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ करतो. गणेशोत्सवाच्या मांडवात समोर चिटपाखरू नसताना ध्वनिक्षेपकवाला ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतो, तेव्हा तो कोणाला नमस्कार करीत असतो? तो यंत्राची परीक्षा घेत असतो, अगदी १८ जुलैच्या एडिसनप्रमाणे. इटालियन मनुष्य फोन उचलून ‘प्रोंतो’, म्हणजे ‘तयार आहे’, असे म्हणतो, जपानी मनुष्य बोलण्याच्या क्रियेवरून आलेले ‘मोशी मोशी’ म्हणतो. मार्ग खुला आहे एवढीच ती ग्वाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याविषयी शासन निर्णय काढला. त्याने अभिवादनाची जागा भरता येईल, पण रेंज गेल्यावर ‘ऐकू येतंय का?’ हा जो प्रश्न उरतो, त्याची जागा जुन्या हाकेकडेच राहते, असे माझे मत आहे.

या एका शब्दाच्या मागोमाग यंत्राने आपल्याला कितीतरी इंग्रजी शिकविली: लाइन एंगेज असणे, राँग नंबर लागणे, ट्रंक कॉल बुक करणे, होल्ड करणे. शेवटासाठी मात्र मराठीने उसनवारी केली नाही. न्यू हेवनच्या १८७८ सालच्या दूरध्वनी-पुस्तकात आरंभी ‘हुलोआ’ आणि अखेरीस ‘एवढेच’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य उच्चारावे, अशी सूचना छापलेली होती; त्यातला आरंभ जगभर गेला, अखेर तिथेच राहिली. इंग्रजांनी भिंतीवरच्या आकड्याला श्रवणनळी अडकविण्यावरून आपला वाक्प्रचार घडविला, आणि आपण ती खाली ठेवण्यावरून ‘बरं, ठेवू का?’ हा घडविला. मोबाइलला ठेवण्याजोगे काही उरलेले नाही, तरी खेड्यापाड्यांत आणि परदेशी गेलेल्या मुलाशी बोलणाऱ्या आईच्या तोंडी संभाषण संपते ते याच शब्दांनी.