इंग्लंडमधील जनरल प्रॅक्टिसची तपासणी

इंग्लंडमधील फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांची गुणवत्ता व सुरक्षितता तपासण्याचे काम केअर क्वालिटी कमिशन ही स्वायत्त नियामक संस्था करते. या दवाखान्यांना तेथे 'जनरल प्रॅक्टिस' म्हणतात. बहुतेक नागरिकांचा राष्ट्रीय आरोग्य सेवेशी पहिला संबंध याच दवाखान्यांमार्फत येतो. तपासणीनंतर दवाखान्याला श्रेणी दिली जाते व अहवाल जाहीर केला जातो. आयोगाचे कार्यक्षेत्र इंग्लंडपुरतेच आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे स्वतंत्र संस्था आहेत.

ही तपासणी दवाखान्याची असते, एखाद्या डॉक्टरच्या वैयक्तिक पात्रतेची नव्हे. डॉक्टरांची नोंदणी व शिस्तभंगाची कारवाई हा जनरल मेडिकल कौन्सिलचा विषय आहे.

पार्श्वभूमी

मँचेस्टरजवळील हाइड येथील फॅमिली डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन याला जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरवण्यात आले. न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत त्याच्या बळींची संख्या किमान २१५ असल्याचा निष्कर्ष निघाला. इतके मृत्यू वर्षानुवर्षे कोणत्याही यंत्रणेच्या नजरेस आले नाहीत, यामुळे दवाखान्यांवरील देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयातील हेळसांडीवर रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियामक यंत्रणेच्या त्रुटींवरही बोट ठेवलेले होते.

आयोगाची स्थापना 'हेल्थ अँड सोशल केअर ॲक्ट २००८' या कायद्यान्वये झाली व १ एप्रिल २००९ पासून त्याचे काम सुरू झाले. जनरल प्रॅक्टिसना आयोगाकडे नोंदणी करणे एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले. नोंदणीशिवाय नियमनाखालील सेवा देणे हा गुन्हा आहे. त्याच वर्षी स्टीव्ह फील्ड यांची जनरल प्रॅक्टिसचे पहिले मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. श्रेणी देणारी तपासणी ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या प्रारंभी पूर्ण झालेल्या पहिल्या फेरीत सात हजारांहून अधिक दवाखाने तपासले गेले.

निकष व श्रेणी

तपासणी पाच प्रश्नांभोवती होते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने दिली जाते का, रुग्णांच्या गरजांना प्रतिसाद देणारी आहे का आणि तिचे नेतृत्व सक्षम आहे का. 'उत्कृष्ट', 'चांगली', 'सुधारणा आवश्यक' आणि 'असमाधानकारक' अशा चार श्रेणी आहेत. मिळालेली श्रेणी दवाखान्यात व त्याच्या संकेतस्थळावर ठळकपणे लावणे एप्रिल २०१५ पासून सक्तीचे आहे.

तपासणीची पद्धत

साधारणपणे तपासणीची सूचना आधी दिली जाते. गंभीर तक्रार असल्यास पथक पूर्वसूचनेशिवायही येऊ शकते. पथकात आयोगाचा निरीक्षक व सल्लागार म्हणून एक कार्यरत फॅमिली डॉक्टर असतो. काही वेळा परिचारिका किंवा व्यवस्थापकही असतात.

तपासल्या जाणाऱ्या बाबी बव्हंशी रोजच्या कामातल्या असतात. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहते का आणि त्याची नोंद दररोज होते का, हे पाहिले जाते. तापमान बिघडले तर लस वरून तशीच दिसते, पण तिचा प्रभाव नाहीसा झालेला असू शकतो. तातडीच्या प्रसंगासाठीची औषधे व ऑक्सिजन मुदतीत आहेत का, कोऱ्या प्रिस्क्रिप्शनचे कागद कुलुपात आहेत का, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का, याचीही खातरजमा होते.

औषधांवरील देखरेख हा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो. मेथोट्रेक्सेट, लिथियम यांसारखी औषधे घेणाऱ्यांची रक्ततपासणी ठरावीक काळाने व्हावी लागते. ती न होता औषध पुन्हापुन्हा लिहून दिले गेले, तर यकृत, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जेला होणारी इजा लक्षात येत नाही. कोविड-१९ साथीमुळे मार्च २०२० मध्ये नियमित तपासण्या थांबवण्यात आल्या. त्यानंतरच्या काळात संगणकीय नोंदींत असे रुग्ण दूरस्थपणे शोधण्याची पद्धत रूढ झाली.

याखेरीज निरीक्षक कर्मचाऱ्यांशी व रुग्णांशी बोलतात आणि तक्रारींची नोंदवही पाहतात. एखादी चूक घडल्यावर दवाखान्याने तिच्यातून काय बदलले, यालाही महत्त्व असते. अहवालाचा मसुदा आधी दवाखान्याला पाठवला जातो. त्यातील तथ्यात्मक चुका दाखवण्याची संधी दिल्यानंतर तो प्रसिद्ध होतो.

कारवाई

नियमभंग आढळल्यास सुधारणेची मागणी, इशारा-नोटीस, नोंदणीवर अटी, नोंदणीचे निलंबन आणि शेवटी नोंदणी रद्द करणे अशा चढत्या पायऱ्या आहेत. 'असमाधानकारक' ठरलेल्या दवाखान्यास विशेष उपाययोजनेखाली ठेवून साधारण सहा महिन्यांत पुन्हा तपासता येते. रुग्णांच्या जिवाला धोका असल्यास नोंदणी तातडीने रद्द करण्यासाठी आयोग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. या निर्णयांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

नोंदणी रद्द झाल्यास रुग्णांची सोय अन्यत्र करावी लागते. आसपासचे दवाखाने आधीच भरलेले असतील तर हे कठीण होते. त्यामुळे दवाखाना बंद करणे आणि धोक्यासह चालू ठेवणे यांत रुग्णांचे नुकसान कशात कमी आहे, याचा विचार करावा लागतो.

टीका

पहिल्या फेरीच्या अखेरीस सुमारे ९० टक्के दवाखाने 'चांगली' किंवा 'उत्कृष्ट' श्रेणीत होते. विशेष उपाययोजनेखालील अनेक दवाखाने पुनर्तपासणीत सुधारलेले आढळले, हे समर्थकांचे प्रमुख उदाहरण आहे. टीकाकारांच्या मते तयारीच्या कागदपत्रांत रुग्णांसाठीचा वेळ खर्च होतो आणि नोंदी नेटक्या असणे म्हणजे उपचार चांगले असणे नव्हे. २०१४ च्या अखेरीस आकडेवारीवरून दवाखान्यांना जोखीमगट देताना चुका झाल्याने आयोगाला माफी मागावी लागली व ते गट पुढे बंद झाले. २०१५ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने नियमित तपासण्या थांबवण्याची मागणी केली होती.

भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत व गरीब वस्त्यांत अनेक दवाखाने चालवले आहेत. वांशिक अल्पसंख्याक डॉक्टरांच्या दवाखान्यांना तपासणीत झुकते माप मिळत नाही, उलट अन्याय होतो, अशी तक्रार होती. त्यावर आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये अहवाल काढला. असे दवाखाने वंचित भागांत व एकाच डॉक्टरच्या भरवशावर चालण्याची शक्यता अधिक असून त्याचा परिणाम तपासणीतील कामगिरीवर होऊ शकतो, असे त्यात मांडले होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने सर्व सेवांसाठी एकच मूल्यमापन-चौकट आणली. पेनी डॅश यांच्या ऑक्टोबर २०२४ मधील अंतिम अहवालाने या चौकटीवर, नव्या संगणकप्रणालीवर व तपासण्यांच्या घटलेल्या संख्येवर कठोर टीका केली. अनेक संस्थांच्या श्रेणी कित्येक वर्षे जुन्या होत्या. दवाखान्याच्या दारावरील जुनी श्रेणी पाहून निर्णय घेणाऱ्या रुग्णाला आजची स्थिती कळतेच असे नाही, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.