घोडा, घाट आणि गणित



संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी ‘तुझ्या विषयावर लिही, पण आम्हाला कळेल असं’ अशी आज्ञा केली. माझा विषय संख्याशास्त्र. आपल्या ग्रुपवर मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: गणित मांडून शर्यतीचा निकाल सांगता येतो का? त्याचाच हा थोडक्यात इतिहास.

पारनेरकरांना शर्यत नवी नाही. यात्रेत घाटात एका वेळी एकच गाडा पळतो आणि सेकंदांवर नंबर लागतो. घोड्यांच्या शर्यतीत मात्र सगळे एकदम सुटतात. तिथे वेळेपेक्षा कोण कोणाच्या पुढे, हे महत्त्वाचे. म्हणून एकाच घोड्याचा विचार करून भागत नाही. एकाची जिंकण्याची शक्यता वाढली की इतरांची घटते. सगळ्यांची बेरीज शंभर टक्केच.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १८८३ पासून घोडे पळतात. त्याआधी, १८६७ मध्ये, पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी पैजेची एक नवी पद्धत काढली. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, ठरलेला हिस्सा कापायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. आपल्याकडे यालाच ‘टोट’ म्हणतात. या पद्धतीत लोकांचा अंदाज आपोआप आकड्यात उतरतो. समजा, एक लाख रुपये जमले आणि त्यातले पंचवीस हजार एका घोड्यावर लागले. म्हणजे लोकांच्या मते त्याची शक्यता २५ टक्के. आता वीस टक्के कापले असे धरू. उरलेले ऐंशी हजार त्या पंचवीस हजारांवर वाटले की रुपयाला ३ रुपये २० पैसे मिळतात. पण घोडा चारांत एकदाच जिंकणार असेल, तर चार रुपये लावून हाती येतात ३ रुपये २० पैसेच. अंदाज अचूक, तरी तोटा!

आपल्याच बॅचमधल्या एका मित्राची ही गोष्ट आहे. नाव न घालण्याच्या अटीवर त्याने ती लिहायला परवानगी दिली. त्याने कित्येक वर्षे निकालांची वही ठेवली होती. तीन शर्यतींत एकदा तरी त्याचा घोडा पहिला येई, आणि ही कामगिरी वाईट नव्हे. तरीही अर्धा एकर जमीन गेली. वहीत घोडा, जॉकी, वजन, अंतर सगळे होते. भावाचा रकानाच नव्हता. सगळ्यांना आवडणारा घोडा वारंवार जिंकतो, पण देतो थोडेच.

हा रकाना गणितात नीट आला तो अलीकडे. १९८६ मध्ये रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन या संशोधकांनी, घोड्यांच्या गुणांवरून प्रत्येकाची शक्यता काढणारे प्रारूप प्रसिद्ध केले. हाँगकाँगमध्ये बिल बेंटर यांनी तोच मार्ग पुढे नेला. संगणक, मोठी नोंद आणि पगारी माणसे घेऊन त्यांनी प्रचंड पैसा मिळवला. १९९४ च्या लेखात त्यांनी सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुसत्या प्रारूपावर विसंबणे धोक्याचे. लोकांनी ठरवलेला भावही त्यात मिसळावा लागतो. मैदानातल्या गर्दीला असे काही ठाऊक असते, जे वहीत उतरत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. ते खरेच. पण ते कौशल्य तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आपोआप येत नाही.

आता घाटाविषयी. ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत बैलांची एक पिढी घाट न पाहताच म्हातारी झाली. त्यामुळे जुन्या नोंदींना आता ऐतिहासिक मोल आहे. कोणाच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या हातच्या बारीच्या वह्या असतील, तर रद्दीत घालू नका. मला दाखवा, मी उतरवून घेऊन परत देईन. पैज लावण्यासाठी नव्हे, आपल्या तालुक्याचा इतिहास म्हणून.