पटेल, भाविना हसमुखभाई

(जन्म : ६ नोव्हेंबर १९८६). व्हीलचेअरवरून टेबल टेनिस खेळणाऱ्या भारतीय खेळाडू. २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये महिला एकेरीच्या चौथ्या वर्गात त्यांनी रौप्यपदक मिळवले. या खेळातले भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक पदक. दीपा मलिक यांच्यानंतर पॅरालिम्पिक पदक जिंकणाऱ्या त्या दुसऱ्या भारतीय महिला होत.

गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील वडनगरजवळचे सुंढिया हे त्यांचे गाव. वडिलांचे तिथे लहानसे दुकान होते. भाविना यांना वयाच्या पहिल्याच वर्षी पोलिओ झाला आणि पायांतले बळ गेले. शालेय शिक्षणानंतर संगणकाचा अभ्यासक्रम करण्यासाठी त्या अहमदाबादच्या अंधजन मंडळात दाखल झाल्या आणि तिथेच त्यांची टेबल टेनिसशी गाठ पडली. सुरुवातीला मन रमावे, अंग हलते राहावे एवढाच हेतू होता. प्रशिक्षक ललन दोशी यांनी त्यांच्याकडून नेमाने सराव करून घेतला आणि विरंगुळ्याची स्पर्धा झाली. पती निकुल पटेल हे स्वतः गुजरातकडून कनिष्ठ गटात क्रिकेट खेळलेले.

त्यांच्या यशाचे मोल कळायचे तर बसून खेळले जाणारे टेबल टेनिस नीट पाहायला हवे. पॅरा टेबल टेनिसमध्ये पहिले पाच वर्ग व्हीलचेअरवरील खेळाडूंचे असतात. वर्गाचा आकडा जितका लहान, तितकी हालचालीवरची मर्यादा अधिक. चौथ्या वर्गातील खेळाडूचे हात पूर्ण कार्यक्षम असतात, बसल्या जागी तोलही बऱ्यापैकी राहतो. टेबल मात्र तेच, २.७४ मीटर लांबीचे. जाळीही तीच, १५.२५ सेंटिमीटर उंचीची. वेगळा आहे तो मुख्यतः सर्व्हिसचा नियम. एकेरीत सर्व्हिसचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला टप्पा घेऊन बाजूच्या कडेवरून बाहेर गेला, जाळीकडे परत फिरला किंवा तिथेच थांबला, तर तो ‘लेट’ ठरतो आणि सर्व्हिस पुन्हा करावी लागते. चेंडू मारून झाल्यावर तोल सावरण्यासाठी खेळत्या हाताने टेबलाला स्पर्श करता येतो. मारण्याआधी टेबलाचा आधार घेतला तर गुण जातो.

‘लेट’ची ही सवलत सर्व्हिसपुरतीच. एकदा रॅली सुरू झाली की जाळीलगत टाकलेला आखूड, उलट्या फिरकीचा चेंडू हे सर्वांत घातक अस्त्र ठरते, कारण तिथवर पोहोचायला पाऊल पुढे टाकता येत नाही. त्यासाठी कमरेतून पुढे झुकावे लागते, आणि झुकलेले अंग सरळ होण्याआत पुढचा चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात येऊन पडतो. पावले टाकून बॅकहँडच्या कोपऱ्यात फोरहँड मारण्याची सोयही इथे नाही. त्यामुळे नुसत्या जोरापेक्षा चेंडू कुठे टाकायचा याची जाण आणि घाई न करण्याची ताकद जास्त कामी येते. भाविना यांचा खेळ पस्तिशीच्या उंबरठ्यावर बहरला, त्यामागे हे मोठे कारण आहे असे म्हणता येते.

भारतीयांच्या दृष्टीने या खेळाचा पॅरालिम्पिक इतिहास जुना आहे. १९६० च्या रोम येथील पहिल्या पॅरालिम्पिकपासून त्यात टेबल टेनिस आहे. पुढे १९७२ साली जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्याचे सुपुत्र १९६८ मध्ये तेल अवीवला टेबल टेनिसच खेळले होते. तरी या खेळातल्या पदकासाठी भारताला टोकियोपर्यंत थांबावे लागले.

भाविना यांची वाटचालही सरळ झाली नाही. २०११ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत रौप्यपदक जिंकून त्या जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचल्या. २०१३ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा रौप्य मिळाले. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये मात्र त्यांना खेळता आले नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत सोनलबेन पटेल यांच्या साथीने त्यांनी दुहेरीचे रौप्यपदक पटकावले. टोकियोआधी कोरोनाच्या काळात सराव घरीच झाला. चेंडू फेकणारे रोबो यंत्र आणि खेळासाठीची खास खुर्ची सरकारी साहाय्यातून मिळाली.

टोकियोत पहिल्याच सामन्यात चीनच्या झोऊ यिंग यांनी त्यांना सरळ तीन गेममध्ये हरवले. झोऊ या २००८ आणि २०१२ च्या विजेत्या. पुढचा सामना हरला असता तर स्पर्धाच संपली असती. ब्रिटनच्या मेगन शॅकलटन यांच्याविरुद्धच्या त्या लढतीत तिसरा गेम १७-१५ पर्यंत ताणला गेला. भाविना यांनी तो घेतला आणि पाठोपाठ १३-११ ने सामनाही. या कारकिर्दीतला निर्णायक क्षण दाखवायचा झाला, तर पदकसमारंभाच्या आधी याच गेमकडे बोट दाखवावे लागेल. त्यानंतर ब्राझीलच्या जॉयसी डी ऑलिव्हेरा आणि उपांत्यपूर्व फेरीत रिओच्या सुवर्णविजेत्या, सर्बियाच्या बोरिस्लावा पेरिच-रँकोविच यांना त्यांनी एकही गेम न गमावता हरवले. उपांत्य फेरीत समोर होत्या रिओच्या रौप्यविजेत्या चीनच्या झांग मियाओ. पहिला गेम गेला, पुढचे दोन भाविना यांनी जिंकले, चौथा ९-११ असा हातचा निसटला आणि पाचव्यात त्यांनी ११-८ अशी बाजी मारली. २९ ऑगस्टच्या, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या अंतिम सामन्यात पुन्हा झोऊ यिंग उभ्या ठाकल्या. निकाल ७-११, ५-११, ६-११.

त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तीन ते पाच वर्गांच्या एकत्रित एकेरीत त्यांनी नायजेरियाच्या क्रिस्टियाना इकपेओयी यांचा १२-१०, ११-२, ११-९ असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. याच प्रकारातले कांस्य सोनलबेन यांनी जिंकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत भाविना यांना एकेरीचे कांस्य मिळाले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे त्यांची गाठ पुन्हा झोऊ यिंग यांच्याशीच पडली आणि चार गेमच्या सामन्यात त्या हरल्या.