मौसिकी, रागमाला आणि पुसलेली राणी

आठवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. धड्यात 'मौसिकी' हा शब्द आला. एका मुलीने विचारले, "सर, हा लफ्ज अरबी की फारसी?" मी बेधडक अरबी म्हणून सांगून टाकले. घरी येऊन लुगत उघडली तेव्हा कळले की, माझे उत्तर अर्धेच होते. शब्द अरबीतून आला खरा, पण त्याचे मूळ यूनानी. ज्याला आपण मराठीत ग्रीक म्हणतो, ते यूनान.

यूनानी लोकांच्या मूळ शब्दात नुसते गाणे-वाजवणे नव्हते. काव्य, गायन आणि नृत्य या तिन्हींना मिळून तो एक शब्द होता. त्यांची भावकविता वाचण्यासाठी नव्हतीच, ती 'लायर' नावाच्या तंतुवाद्यावर गायची असे. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी लेस्बॉस बेटावर सॅफो नावाची कवयित्री होऊन गेली. तिच्या मृत्यूनंतर शे-सव्वाशे वर्षांनी अथेन्सच्या कुंभारांनी मातीच्या भांड्यावर तिचे चित्र काढले, हातात वाद्य दिले आणि बाजूला नाव लिहिले. ते भांडे आज जर्मनीत म्युनिकला आहे. १८८१ साली आल्मा-तादेमा या चित्रकाराने पुन्हा तिलाच रंगवले. चित्रे होत राहिली. पण तिच्या चाली मात्र कायमच्या हरवल्या. कवितांचेही बहुतेक तुकडेच उरले.

यूनानी संगीताचे शास्त्र मात्र अरबी भाषेत जपले गेले, वाढवलेही गेले. इ.स. ९५० मध्ये वारलेल्या अल-फाराबीने संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'मूसीकी' आहे. आपल्या मजहबात गाण्याविषयी, चित्राविषयी मतभेद आहेत. ते घराघरांत आहेत, माझ्याही घरात आहेत. मला इथे फतवा द्यायचा नाही, कुणाचा खोडायचाही नाही. मी फक्त तारीख सांगतो आहे, आणि उर्दूत तारीख म्हणजे इतिहास.

कविता, चित्र आणि राग यांचा असा मेळ पाहायला यूनानपर्यंत जायची गरज नाही. जाफराबादेहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १६५० साली 'रसमंजरी'ची एक सचित्र पोथी तयार झाली. 'रसमंजरी' हा भानुदत्ताचा संस्कृत ग्रंथ. नायक-नायिकांचे प्रकार सांगायचे आणि प्रत्येकाला एक छोटी भावकविता उदाहरण म्हणून द्यायची, अशी त्याची रचना. चित्रकारांनी त्या कवितांना रंगरूप दिले.

या एका ग्रंथाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. भानुदत्त मिथिलेचा, म्हणजे आजच्या बिहारकडचा. त्याच्या एका श्लोकात निजाम राजाचे नाव येते. तो अहमदनगरच्या निजामशाहीतला सुलतान, असे अभ्यासक मानतात. पुढे गोदाकाठच्या पुणतांब्याच्या अनंतपंडिताने ग्रंथावर टीका लिहिली. औरंगाबादची पोथी एका मेवाडी राजपूत सरदारासाठी रंगवली गेली, तीही मोगली अमलात. आणि सतराव्या शतकातच गोवळकोंड्याचे सूफी घराण्यातले अकबर शाह उर्फ बडे साहेब यांच्या नावाने 'शृंगारमंजरी' हा ग्रंथ झाला. तो आधी तेलुगूत आणि मग संस्कृतात आला. त्यात भानुदत्ताच्या मतांची बारकाईने चिकित्सा आहे. मैथिल कवी, मराठी टीकाकार, राजपूत धनी, मुसलमान मीमांसक. आता हा ग्रंथ कोणाचा म्हणायचा?

रागमालेची कथाही तशीच. एकेका रागाला माणसाचे रूप द्यायचे, त्याच्यावर श्लोक रचायचा आणि श्लोकाचे चित्र काढायचे, म्हणजे रागमाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये रंगवलेली काही रागमाला-चित्रे आज उरली आहेत. ती अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) किंवा उत्तर दख्खनच्या आसपासची असावीत, असा कयास आहे. त्यांतले हिंदोल रागाचे चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिंदोल म्हणजे झुला, म्हणून चित्रातही झुला आहे. सॅफोच्या चाली गेल्या. हिंदोल मात्र आजही मैफलीत गायला जातो. चारशे वर्षांत त्याचे रूप बदलले असेल, पण गुरूकडून शिष्याकडे जाणारी वाट बंद पडली नाही. त्या वाटेवर कितीतरी खाँसाहेब आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (राज्यकाल १५८० ते १६२७) तर स्वतःच गीते रचणारा. त्याच्या 'किताब-ए-नवरस'मधली दखनी गीते रागांनुसार लावलेली आहेत आणि त्यांत सरस्वतीची स्तुतीही आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने 'मोतीखान' असे नाव दिले होते. तंबोरा वाजवणाऱ्या या सुलतानाचे फर्रुख बेगने काढलेले चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे.

पण माझे मन सर्वांत जास्त अडकले ते पुण्यात. तिथल्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसैनशाही' हे हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या शायराने फारसीत अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची आणि त्याची राणी खुंजा हुमायून हिची तारीफ केली आहे. काळ साधारण १५६५चा. त्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो. हा संकेत संस्कृत काव्यातला, कालिदासाने वापरलेला; त्याला 'दोहद' म्हणतात. आपल्या बोलीतला 'डोहाळे' याच शब्दापासून आला. म्हणजे शायरी फारसी, संकेत संस्कृत, आणि त्याच शब्दाचे लेकरू आजही आपल्या आयाबहिणींच्या तोंडी.

याच पोथीत राणी सुलतानाच्या शेजारी बसलेली रंगवली होती. १५६५ मध्ये हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून खुंजा हुमायूनने कारभार पाहिला. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केले. त्यानंतर कोणीतरी पोथीतली तिची चित्रे पुसून टाकली. मात्र सगळे पुसले गेले नाही. सुलतानाशेजारी तिच्या आकृतीचा डाग उरला आणि आफताबीच्या ओळीही उरल्या. म्हणूनच आज तिचे नाव आपल्याला सांगता येते.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवतो. एक म्हणतो, चित्र आणि राग हे आपले नव्हेत. दुसरा म्हणतो, संस्कृत श्लोक आणि रागमाला हे तुमचे नव्हेत. दोघेही नकळत त्या पोथीवरचा तोच ओला बोळा फिरवत असतात. त्यात नुकसान होते ते मधे बसलेल्या मुलांचे. त्यांच्या हाती येते ते अर्धे पुसलेले चित्र, आणि इथे आणखी कोणी बसले होते हे त्यांना कोणी सांगतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उभे करून सांगितले, "बेटा, काल मी चुकलो. मौसिकी हा लफ्ज यूनानी आहे. तो अरबांच्या घरी राहिला, फारसीतून आला आणि आता आपला आहे." मग फळ्यावर 'दोहद' लिहिले, त्याखाली 'डोहाळे' लिहिले आणि राणीची हकीकत सांगितली. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग तिनेच विचारले, "सर, ते चित्र बघायला मिळेल का?"

पुणे लांब आहे आणि शाळेची सहल सहसा वेरूळपर्यंतच जाते. पण एका वर्षी ती पुण्यापर्यंत न्यायची, असे मी मनाशी ठरवले आहे.