'है दुनिया उसीकी'तला सॅक्स कुणाचा?

आपल्या नांदेड-लातूरकडच्या वरातीत बँडवाले जुन्या हिंदी गाण्यावर आले, की क्लॅरिनेटवाला गायकाची ओळ तर वाजवतोच, पण मधला सॅक्सचा तुकडाही सोडत नाही. लोकांनाही तो तुकडा पाठ असतो. तो मुळात वाजवला कुणी, असं विचारा. उत्तर येतं ओ. पी. नय्यर, नाहीतर पंचम.

बऱ्याचदा तो मनोहारी सिंग यांचा असतो. जन्म ८ मार्च १९३१, कलकत्ता, घर नेपाळी. कोवळ्या वयात ते बाटानगरच्या बूट कारखान्याच्या ब्रासबँडमध्ये लागले, तिथं हंगेरीहून आलेल्या जोसेफ न्यूमन यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे एचएमव्ही, नाइटक्लब. १९५८ मध्ये सलील चौधरींच्या सांगण्यावरून मुंबईला आले आणि एस. डी. बर्मनच्या 'सितारों से आगे'मध्ये वाजवलं.

'कश्मीर की कली' (१९६४) मधलं 'है दुनिया उसीकी' हेडफोन लावून ऐका. रफी थांबतात तिथं सॅक्स बोलायला लागतो. झिंगलेल्या माणसाचं अर्धं दुःख शब्दांत आहे, उरलेलं त्या आल्टो सॅक्सच्या मींडेत. मला तर हे गाणं दोघांचं युगुलगीत वाटतं.

त्याच १९५८ मध्ये न्यूयॉर्कला किंग कर्टिस नावाचा टेक्ससचा पोरगा 'याकेटी याक'मध्ये असाच दुसऱ्यांच्या गाण्यात सॅक्स वाजवत होता. १९६७ च्या अरेथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'मधला सॅक्सही त्याचाच. सोल आणि जॅझच्या सीमेवरचा हा माणूस स्वतःच्या नावानं बँड चालवायचा, त्याचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत यायचं. १९७१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याचा खून झाला.

आपल्याकडे रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार एवढंच छापायचे. मनोहारीदांचं नाव पडद्यावर यायचं, पण आर. डी. बर्मनचे सहाय्यक म्हणून: बासू, मनोहारी, मारुती. यातले मारुती म्हणजे तबल्याचे मारुतीराव कीर. 'सबसे बडा रुपय्या'ला (१९७६) बासू-मनोहारी हे संगीतकार म्हणूनही आले. सॅक्स कुणी वाजवला, हे मात्र कुठंच नाही. आजच्या ॲपमध्येही तीच गत. डेटाबेसमध्ये वादकाचा कॉलमच नसेल, तर सर्च केल्यावर येणार काय? (हे काम फार अवघड नाही, हे मी पोटापाण्याच्या धंद्यामुळं सांगू शकतो.)

सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद पांगले. शेवटच्या वर्षांत मनोहारीदा पंचमच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत स्टेजवर यायचे, तेव्हा निवेदक आधी त्यांचं नाव घ्यायचा. १३ जुलै २०१० ला ते मुंबईत गेले.