बादशहा, शहजादा आणि त्यांचा पत्रव्यवहार



औंढ्याला नागनाथाच्या देवळापाशी उभे राहिले की खालचे यादवकालीन कोरीव काम आणि वरचे मागाहूनचे बांधकाम यांतील फरक कोणालाही दिसतो. वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या काळातला सांगतात. आणि मोडतोड कोणी केली असे विचारले की औरंगजेबाचे नाव निघते. ते नाव निघाले की आपली मुले वर्गात एकतर मान खाली घालतात, नाहीतर उगाच भांडतात. मला दोन्ही पसंत नाही. तो कोण होता हे आधी वाचावे. आज त्याला मुलगा आणि बाप या नात्याने पाहू.

१६५३ साली तो दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला. शहाजहानची पत्रे येत ती बोल लावणारी. वसूल कमी का? बऱ्हाणपूरच्या ‘बादशाहपसंद’ झाडाचे चांगले आंबे तूच ठेवून घेतलेस काय? पस्तिशीला आलेल्या मुलाने आंब्यांचाही खुलासा लिहावा! पुढे १६५८ मध्ये तख्तासाठी भावाभावांत युद्ध पेटले. मुलाने आग्र्याच्या किल्ल्याचे पाणी तोडले, तेव्हा पाण्यासाठी पत्र लिहिण्याची पाळी बापावर आली. शहाजहान १६६६ साली कैदेतच वारला. मुलगा त्याला एकदाही भेटला नाही.

आता त्याचा स्वतःचा मुलगा पाहा. शहजादा अकबर आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत, १६५७ साली जन्मला. महिन्याभरातच त्याची आई दिलरसबानू वारली. तिची कबर म्हणजेच बीबीचा मकबरा. बिनआईचा म्हणून बापाचा त्याच्यावर विशेष जीव. जानेवारी १६८१ मध्ये याच अकबराने राजपुतांच्या बळावर स्वतःला बादशहा म्हणवून घेतले व तो अजमेरवर चालून आला.

बापाने पत्र लिहिले. शाबास बेटा, ठरल्याप्रमाणे राजपुतांना तू बरोबर जाळ्यात आणलेस, असा त्याचा आशय. सारेच खोटे. पत्राच्या माथ्यावर नाव मुलाचे होते, पण ते राजपुतांच्या हाती पडावे अशीच तजवीज होती, आणि तसेच झाले. दुर्गादास राठोड रात्री विचारायला गेला तर शहजादा झोपलेला. पहाटेपूर्वी राजपूत निघून गेले. पुढे कपट कळल्यावर त्याच दुर्गादासाने अकबराला सांभाळून दक्षिणेत संभाजीराजांच्या आश्रयास पोचविले.

मग खरी पत्रे सुरू झाली. परत ये, माफ करतो, असे बाप लिही. मुलाचे उत्तर मात्र झोंबणारे होते: बापाविरुद्ध उठण्याची ही वाट आपणच तर दाखविलीत! असल्या मजकुरानंतर विश्वास कुठून यावा? एकदा खोट्या पत्राने जखम झालेली. अकबर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे गेला आणि बापाच्या आधीच तिकडे वारला. त्याच्या पाठोपाठ दख्खनेत उतरलेला बादशहाही उत्तरेस परतला नाही. १७०७ साली अहमदनगरला वारला, खुलदाबादेत त्याची साधी कबर आहे.

अकबराची लहान मुलगी सफियतुन्निसा मारवाडातच राहिली होती. सोळाशे नव्वदनंतर ती आजोबांच्या छावणीत परत आली. तिच्या धर्मशिक्षणासाठी बादशहा शिक्षिका नेमू लागला, तेव्हा ती म्हणाली, दुर्गादासांनी अजमेरहून एक मुसलमान शिक्षिका बोलावली होती, माझे कुराण पाठ झाले आहे. ईश्वरदास नागराने हे लिहून ठेवले आहे. ते ऐकून आजोबाने दुर्गादासाचे मागचे सारे गुन्हे माफ केले, असेही तो लिहितो.